नगरपरिषदेच्या वेबसाइटवरचा मजकूर कोण लिहितं?

जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारनं क्षेत्रीय कार्यालयांसाठी १०० दिवसांचा सुधारणा कार्यक्रम काढला. कलमं सात, आणि त्यातलं पहिलंच संकेतस्थळाचं. कार्यालयाची स्वच्छता, तक्रार निवारण, आलेल्या माणसाला बसायला बाकडं, प्यायला पाणी हे सगळं त्याच्यानंतर. काम झालं की नाही हे बाहेरचे लोक येऊन तपासणार होते, म्हणून वर्षानुवर्षं ‘काम सुरू आहे’ अशी पाटी मिरवणाऱ्या वेबसाइटी एकदम सगळ्यांना आठवल्या. जिल्ह्याच्या गावी वेबसाइट बनवणारी जी चार पोरं आहेत त्यांच्याकडे रांग लागली. त्यातला एक माझ्या मामेभावाचा मुलगा. मी घरून मराठी टायपिंग, मुद्रितशोधन, करारांची भाषांतरं अशी कामं करते. त्याचा फोन आला, “आत्या, मराठी मजकुरावर तेवढी एक नजर टाकशील का? टेम्प्लेट तयार आहे. फक्त गावाची नावं बदलायचीत.”

गावाचं नाव इथं सांगत नाही. मराठवाड्यातली क वर्ग नगरपरिषद, एवढं पुरे. म्हणजे लोकसंख्या पंचवीस ते चाळीस हजारांच्या मधली.

टेम्प्लेट म्हणजे एक लांबलचक वर्ड फाइल होती. ‘शहराविषयी’, ‘मनोगत’, विभागवार पानं, सेवांची यादी, माहिती अधिकार, शेवटी अस्वीकरण. पोरानं ती आधीच्या एका कामातून उचललेली, तिथं ती आणखी कुठल्या नगरपरिषदेतून आलेली. मूळ कुणी लिहिलं ते कुणालाच ठाऊक नाही, पण ती कुठून कुठून फिरली ते शोधता येतं, कारण मराठीत गावाचं नाव एकाच रूपात राहत नाही. समजा मूळ गाव ठाणे असतं. ‘ठाणे’ शोधून सगळीकडे नवं नाव टाकलं तरी ‘ठाण्याच्या’ आणि ‘ठाण्यात’ जागच्या जागी राहतात, संगणकाला ते सापडतच नाहीत. आमच्या फाइलमध्ये अशी तीन वेगळ्या गावांची सामान्यरूपं शिल्लक होती. एक परिच्छेद तर सुरू एका गावात होऊन दुसऱ्या गावाच्या यात्रेत संपत होता. यावर उपाय म्हणून अनुभवी मंडळी गावाच्या नावाला प्रत्ययच लावत नाहीत. नाव मोकळं ठेवून पुढे ‘शहरामध्ये’, ‘नगरपरिषद क्षेत्रामध्ये’ असं लिहितात, म्हणजे पुढच्या वेळी बदलायला सोपं. या वेबसाइटी वाचताना जो एक अवघडलेपणा जाणवतो त्याचं निम्मं कारण हेच असावं, असा माझा कयास आहे.

‘शहराविषयी’ या पानावर गाव नदीकाठी वसलं होतं. आमच्याकडे ओढा आहे, पावसाळ्यात दिसतो. ते पान मी एका संध्याकाळी नव्यानं लिहून टाकलं आणि त्याला कुणाचीच हरकत आली नाही. इतिहास, भूगोल, बाजारचा वार, जवळचं रेल्वे स्टेशन, काहीही लिहा, पास होतं. अडचण सुरू झाली ती विभागांच्या पानांपासून.

पाणीपुरवठा विभागाच्या पानावर वाक्य होतं की नागरिकांना शुद्ध, नियमित व पुरेशा दाबाने पाणी देण्यासाठी नगरपरिषद कटिबद्ध आहे. गावात पाणी आठव्या-दहाव्या दिवशी येतं, उन्हाळ्यात त्याहून उशिरा. कधी येणार हे वॉलमन आदल्या संध्याकाळी गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. मी असा एक मेसेज वाचला: “उद्या सकाळी ५ ते ७ टाकीखालची गल्ली, नंतर मारुती मंदिराच्या मागची बाजू. लाइट गेली तर तेवढा वेळ पुढे.” संपूर्ण नगरपरिषदेत मला सापडलेला हा सगळ्यात चांगला मजकूर. वेळ, जागा आणि अट, तिन्ही आहेत आणि फालतू शब्द एक नाही. मी अभियंता साहेबांना म्हटलं, हे रोज वेबसाइटवर टाकू या, पोरगं सोय करून देईल.

“मॅडम, वेबसाइटवर टाकलं म्हणजे ऑन रेकॉर्ड झालं. उद्या मोटर जळली, पाणी नाही आलं, तर कुणीतरी त्याची प्रिंट घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राहील.”

“आणि ‘नियमित पाणी देण्यास कटिबद्ध’ लिहिलेलं चालतं?”

“त्याची कोण प्रिंट काढतंय!”

माणूस हसत बोलला, पण बोलला ते खरं. तोवर माझी समजूत होती की असला मजकूर आळसातून येतो. थोडा येतोही. पण मुख्य गोष्ट वेगळी आहे. गुळगुळीत वाक्याला सही लागत नाही. ते आधीच दुसऱ्या चार नगरपरिषदांच्या वेबसाइटवर असतं, आणि तोच त्याचा आधार. तुम्ही एखादं ठोस वाक्य लिहिलंत, एखादी तारीख, एखादी रक्कम, ‘हा कागद नसला तरी चालेल’ असं काही, की ते लिपिकाकडून विभागप्रमुखाकडे आणि तिथून मुख्याधिकाऱ्यांकडे जातं. प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न: “हे कशाच्या आधारे?” लिपिकाला उत्तर माहीत असतं, पण आधार दाखवता येत नाही. आधार असतो वीस वर्षांचा सराव, आणि तो टिपणीत लिहिता येत नाही.

मनोगताचं पान त्यामानानं सोपं गेलं. निवडणुका रखडल्यामुळे त्या काळात बऱ्याच नगरपरिषदांवर प्रशासक होते, आमच्याकडेही. आधीच्या नगराध्यक्षांचं मनोगत काढून मुख्याधिकाऱ्यांचं टाकायचं होतं. ज्यांना मी तोवर पाहिलंही नव्हतं त्यांचं मन मी लिहून दिलं. काम संपायच्या आत त्यांची बदली झाली. नव्या साहेबांचा फोटो आणि नाव आलं, मनोगत तेच राहिलं.

माहिती अधिकाराच्या पानाबद्दल मात्र थोडं लिहायला हवं. २००५ च्या कायद्याचं कलम ४(१)(ख) सांगतं की प्रत्येक कार्यालयानं सतरा बाबींची माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची, पहिल्यांदा १२० दिवसांत आणि मग दरवर्षी अद्ययावत. कायदा झाला तेव्हा हेतू असा की माणसाला अर्ज करायची वेळच येऊ नये. प्रत्यक्षात या सतरा बाबींचेच सतरा साचे झालेत. निर्णय कसे घेतले जातात, धोरण ठरवताना लोकांशी सल्लामसलत कशी होते, या बाबी तर मी चाळलेल्या सगळ्या नगरपरिषदांत शब्दशः एक. उरलेल्या रकान्यांत ‘निरंक’. त्यातल्या त्यात जिवंत असतात त्या अधिकारी-कर्मचाऱ्यांची यादी आणि त्यांचे पगार, कारण आस्थापनेवरचा लिपिक ते दरमहा पगारपत्रकासाठी करतोच. पंधराव्या बाबीत नागरिकांसाठीच्या सोयी येतात, वाचनालयाच्या वेळांसकट. टेम्प्लेटमध्ये ‘सकाळी ८ ते ११ व सायं. ५ ते ८’ होतं. मी नगरपरिषदेच्या वाचनालयात जाऊन शिपाईमामांना विचारलं. म्हणाले, “पेपर आला की उघडतो.”

आता हे ऐकून कुणाला वाटेल की नगरपरिषदेकडे स्वतःचं असं काही लिहिलेलंच नव्हतं. होतं की. कर विभागाच्या कपाटात एक जुनी पुस्तिका निघाली, नागरिकांसाठी माहिती म्हणून कधीतरी काढलेली. भाषा सरळ, गावातल्या वसाहतींची नावं, कुठल्या खिडकीवर काय द्यायचं ते सगळं. तिची संगणकातली प्रतही सापडली, पण ती श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टात टाइप केलेली. तिथून कॉपी करून वेबसाइटवर पेस्ट केली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी. नव्यानं टाइप करायला वेळ कुणाला? टेम्प्लेट मात्र युनिकोडमध्ये होतं. साच्यातला मजकूर जिंकतो त्यामागे असलं बारीक तांत्रिक कारणही असतं, आणि ते कुठल्याच चर्चेत येत नाही.

एक पान मात्र नीट करायचंच असं मी ठरवलं. वारसाहक्कानं मालमत्ता हस्तांतरणाची नोंद, म्हणजे घरपट्टीला नाव लावणं. घरातलं माणूस गेलं की वर्षा-दोन वर्षांत प्रत्येकाला यासाठी नगरपरिषदेची पायरी चढावी लागते. टेम्प्लेटमध्ये या सेवेसाठी विहित नमुन्यातला अर्ज, मृत्यू दाखला, वारस प्रमाणपत्र, मालमत्ता पत्रक, १०० रुपयांच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र, थकबाकी नसल्याचा दाखला आणि ‘इतर आवश्यक कागदपत्रे’ अशी यादी होती. कालमर्यादा १५ दिवस. शुल्क नियमानुसार.

कर विभागाच्या लिपिकांनी मला खिडकीच्या आत खुर्ची दिली आणि मी ऐकत बसले. नोकरीची शेवटची काही वर्षं राहिलेले गृहस्थ, आवाज मोठा, पण कुणाला तोडून बोलत नव्हते. एक बाई आल्या, हातात कापडी पिशवी, पिशवीत सगळे कागद.

“साहेब, सासूच्या नावावर हाय घर. सासू गेली, मालक बी गेले. आता माझ्या नावावर करायचंय.”

“मावशी, म्हणजे दोन मृत्यू दाखले लागतील. नणंदा किती?”

“दोघी. लग्नं होऊन गेल्या.”

“लग्न झालं म्हणून हक्क जात नसतो. दोघींची संमती आणा, नोटरी करून. आणि सासूबाईंचं नाव आमच्या रजिस्टरला गंगाबाई आहे, दाखल्यावर गंगूबाई आहे. एकच व्यक्ती असल्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र लागंल.”

यातला एकही मुद्दा वेबसाइटवरच्या यादीत नव्हता. दुपारपर्यंत माझी वही भरली. त्यातलं महत्त्वाचं असं:

मालमत्ता पत्रक सगळ्यांना मागून उपयोग नाही. ज्या मोजणीवरून ते निघतं तो सिटी सर्व्हे आमच्या गावात फक्त जुन्या गावठाणाचा झालाय. बाहेरच्या वसाहती गुंठेवारीच्या, म्हणजे जमिनीचे परवानगीविना गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकलेल्या, तिथल्या घरांना मालमत्ता पत्रकच नाही. गुंठेवारीचा कायदा २००१ चा, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढवली, तरी नियमितीकरण करून घेतलेले थोडेच. अशांकडून खरेदीखत आणि जुना कर आकारणी उतारा घेतात. टेम्प्लेट ज्या गावात जन्मलं तिथं बहुधा घरोघरी मालमत्ता पत्रक असणार.

वारस प्रमाणपत्र म्हणजे दिवाणी न्यायालयाचं, त्याला महिने जातात आणि वकिलाची फी वेगळी. लिपिक ते वाद असेल तरच मागतात. सगळे वारस एकमतानं असतील तर प्रतिज्ञापत्र आणि संमतीपत्र पुरतं.

थकबाकी म्हणजे घरपट्टी आणि पाणीपट्टी, दोन्ही. पाणीपट्टीची खिडकी वेगळी. निम्मे लोक घरपट्टी भरून येतात आणि तिथून परत जातात.

मुद्रांकाचं तर कालबाह्यच झालेलं. ज्या दस्तांना १०० किंवा २०० चा मुद्रांक चालायचा त्यांना ऑक्टोबर २०२४ पासून ५०० लागू झाले. त्यातही शासकीय कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्काची माफी २००४ पासून आहे. म्हणजे ती ओळ दोन्हीकडून चुकीची, आणि तरी किती वेबसाइटांवर तशीच असेल देव जाणे. (तहसीलीबाहेर बसणाऱ्या टायपिस्टांना हे माहीत नाही असं नाही, पण ते स्वतःहून कशाला सांगतील?)

पोचपावती कुणी मागत नाही. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं ती द्यावीच लागते, आणि १५ दिवसांचा हिशेब तिच्यावरच चालतो. मुदतीत काम झालं नाही तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं, दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५००० रुपये दंड होऊ शकतो. टेम्प्लेटमध्ये पदनिर्देशित अधिकारी, प्रथम अपील अधिकारी आणि द्वितीय अपील अधिकारी या तिन्ही रकान्यांत ‘संबंधित अधिकारी’ होते. अपील करणाऱ्यानं अर्जावर कुणाचं नाव घालायचं?

आणि लिपिक प्रत्येकाला शेवटी एक वाक्य सांगत होते: “हे नाव करासाठी लागलं बरं का, याच्यानं मालकी सिद्ध होत नाही.” हे वाक्य मी पानाच्या पहिल्या ओळीत घेतलं.

पान लिहून झालं. ‘घरपट्टीला वारसाचं नाव लावायचं आहे?’ अशी सुरुवात केली आणि खाली घर गावठाणात असेल तर काय, गुंठेवारीत असेल तर काय, नावात फरक असेल तर काय, असं लिहीत गेले. लिपिकांना वाचून दाखवलं. म्हणाले, “असं असलं तर माझी खिडकी निम्मी रिकामी होईल.” मग ते कर अधीक्षकांकडे गेलं.

गुंठेवारीची ओळ टिकेल असं मला वाटलं नव्हतं. पण लिपिकांनी कुठूनसा नगरपरिषदेचा जुना ठराव शोधून आणला, त्याचा क्रमांक आणि तारीख घातली आणि ती ओळ राहिली. पाणीपट्टीची राहिली. मुद्रांकाची ओळ आदेशाची प्रत जोडल्यावर बदलली. अपील अधिकाऱ्यांची पदनामं आली. उडाली ती वारस प्रमाणपत्राची ओळ, जी लोकांच्या सगळ्यात कामाची होती. अधीक्षक म्हणाले, “वाद नसेल तर कोर्टाचं मागत नाही, बरोबर आहे. करतो तसंच. पण तसं लिहून देता येत नाही. उद्या एखाद्या घरात वाद निघाला तर म्हणतील, तुमच्या वेबसाइटवर वाचलं.” शेवटी तिथं ‘वारस प्रमाणपत्र (आवश्यकतेनुसार)’ असं आलं. मी बरीच हुज्जत घातली. पण त्यांच्या जागी बसून पाहिलं तर त्यांच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नव्हतं असंही नाही, कारण वाद निघाला तर खुलासा त्यांना एकट्याला द्यावा लागणार. नगरपरिषदेत अडीअडचणीला विचारायला कायद्याचा माणूस म्हणजे पॅनलवरचे वकील, आणि ते जिल्ह्याच्या गावी.

तपासणीच्या वेळी मी नव्हते, पण पोराकडे आलेली तपासयादी मी पाहिली होती. मोबाइलवर उघडते का, दोन्ही भाषा आहेत का, अक्षर लहान-मोठं करायची सोय, शेवटचा बदल केल्याची तारीख, अस्वीकरण. अस्वीकरणाच्या पानाला मी हातही लावला नाही. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत. संकेतस्थळावरचा मजकूर अचूक ठेवण्याची काळजी घेतली असली तरी तो कायद्याचं विधान समजू नये, या अर्थाचा तो मजकूर देशभर जिथं पाहाल तिथं सापडतो. पानावरचं लिहिलेलं खरं आहे का, ते वाचून कुणाचं काम झालं का, असा प्रश्न निदान आमच्यापर्यंत आलेल्या यादीत नव्हता. वेबसाइट पास झाली. जन्म दाखल्याच्या पानावरचं निळ्या डोळ्यांचं गोरंपान बाळ मात्र शेवटपर्यंत तिथंच राहिलं. ते टेम्प्लेटबरोबर आलं होतं आणि बदलायला सांगूनही बदललं नाही.

मे महिन्यात १५० दिवसांचा ई-गव्हर्नन्सचा कार्यक्रम सुरू झाला आणि पोराला आणखी गावं मिळाली, त्यातलं एक कोकणातलं. तपासायला म्हणून त्यानं लिंक पाठवली. घरपट्टीचं पान उघडलं तर ते माझंच! गुंठेवारीच्या ओळीसकट, आणि त्या ओळीत आमच्या नगरपरिषदेच्या ठरावाचा क्रमांक आणि तारीख तशीच.

“आत्या, तू इतकं छान लिहिलं होतंस, म्हटलं सगळीकडे तेच वापरू.”

रागवावं कसं? त्याला पानामागे पैसे मिळतात, आणि प्रत्येक गावी कुणाला खुर्ची टाकून बसवायचा खर्च त्या दरात बसत नाही. मग मी त्याला कर विभागाला विचारायचे प्रश्न काढून दिले. सिटी सर्व्हे कुठल्या भागाचा झालाय? ज्यांच्याकडे मालमत्ता पत्रक नाही त्यांच्याकडून काय घेता? वाद नसेल तर कोर्टाचं प्रमाणपत्र मागता का? पाणीपट्टी कुठं भरायची? अर्ज सगळ्यात जास्त कशामुळे परत जातात? त्यानं त्याचा गूगल फॉर्म केला आणि सगळ्या नगरपरिषदांना पाठवला. उत्तरं वेळेत आली. बहुतेकांनी प्रत्येक प्रश्नापुढे ‘नियमानुसार कार्यवाही करण्यात येते’ असं भरलं होतं.

एका गावच्या बाईंनी फॉर्म न भरता त्यावरच्या नंबरावर फोन केला, पोरानं तो मला दिला. त्या बराच वेळ बोलल्या. खाडीकाठच्या खाजण जमिनीवरची घरं, मुंबईत राहणारे भाऊ, कुळाच्या नावावरचं जुनं घर आणि त्याची पावती भरणारा तिसराच माणूस, अशी एकेक प्रकरणं. त्या प्रत्येकात त्या काय करतात तेही सांगितलं. मी लिहून घेत होते. शेवटी म्हणाल्या, “ताई, तुम्हाला समजावं म्हणून सांगितलं हां. वेबसाइटवर नियमानुसारच टाका.”